शेवटटोल्याच्या सेवंताबाईंचा प्रचार

माझी बायको म्हणते, मी जेवताना मीठ मागितलं तरी पलीकडच्या मोहल्ल्यातून डबी येईल. खोटं नाही. ज्याची उभी हयात ऑटोत बसून भोंग्यात बोलण्यात गेली, त्याला हळू बोलायला कोण शिकवणार? गोंदियाजवळ कुडव्याला मुलाकडे राहायला आल्यापासून शेजारच्या मास्तरीणबाई माझा आवाज आला की खिडकी लावून घ्यायच्या. शेवटी एक दिवस त्या स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "काका, एवढं बोलता तर लिहा ना. आमच्या दिवाळी अंकाला द्या. लिहिताना तरी आवाज होत नाही." तेव्हा हा लेख मोहल्ल्याच्या शांततेसाठी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला लोक भोंगा मुरली म्हणतात. निवडणूक आली की दोन भोंगे बांधलेला ऑटो, मागे मशीन, बॅटरी, काचेवर परवानगीचा कागद आणि आत मी. नेता मी कधीच नव्हतो, कार्यकर्ताही अर्धाच. पण बोललो तो एकाच पक्षासाठी. पक्षाचं नाव सांगत नाही. जो स्वतःला शेतमजुरांचा, ढिवरांचा, दुसऱ्याची जमीन ठेक्यानं घेऊन धान लावणाऱ्यांचा, सगळ्या जातीधर्मांचा म्हणवतो, तो. एके काळी आमच्या भागात त्याच्या नावानं दगड उभा केला तरी निवडून यायचा. नंतर दगडाचेही दिवस फिरले.

बाहेरच्याला वाटतं, भोंग्यात ओरडायला काय अक्कल लागते? बापा, बसून पाहा एकदा. ऑटो चालता असतो. दारात उभ्या बाईला ऑटो पुढे जाईस्तोवर एकच वाक्य ऐकू येतं. म्हणून प्रत्येक वाक्य आपल्यापुरतं पूर्ण पाहिजे आणि त्यात उमेदवाराचं नाव आणि चिन्ह दोन्ही आलं पाहिजे. "म्हणूनच बंधूंनो, मी आपल्याला सांगू इच्छितो" असं सुरू केलंत तर अर्ध्या गल्लीला नुसतं 'म्हणूनच' मिळतं आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला 'इच्छितो'. मयत झालेल्या घरापुढे मशीन बंद. लग्नघरापुढे आधी नवरा-नवरीला शुभेच्छा, मग मत. समोरून बैलबंडी आली की आवाज खाली, नाहीतर बैल धानाच्या बांधीत आणि बंडीवाला तुमच्या अंगावर. पोवारांच्या गावात चार शब्द पोवारीत, गोंडांच्या टोल्यात, म्हणजे वाडीवर, आधी जोहार, गोंदियात शिरलं की "भाइयों और बहनों". नवेगाव बांधला ढिवरांच्या वस्तीत सकाळी जायचंच नाही, सगळे तलावावर असतात. दुपारी जाळी वाळत पडली की मग जायचं.

गिऱ्हाईकंही एकेक भेटायची. एकदा एक म्हातारा ऑटोपुढे आडवा उभा राहिला.

"माही बकरी हरवली. सांग भोंग्यात."

मी म्हटलं, "बुवा, हा पक्षाचा भोंगा हाये."

"मंग? बकरी का विरोधी पक्षाची हाये?"

त्या दिवशी मी उमेदवाराचं नाव आणि बकरीचं वर्णन एकाच दमात सांगत फिरलो. "आपल्या भागाच्या विकासासाठी प्रचंड मतांनी विजयी करा, आणि काळी बकरी, डावा कान कापलेला, कुणाला दिसली असल्यास टोल्यात कळवा." बकरी सापडली. साहेबही निवडून आले. साहेबांनी स्वतः जंगलात जाऊन आपली बकरी शोधली, असं तो म्हातारा शेवटपर्यंत लोकांना सांगायचा. आम्ही कशाला खोडून काढतो?

पण बोलणं हा आमच्या कामाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा संध्याकाळी. दिवसभर फिरून सगळे भोंगेवाले पक्षाच्या ऑफिसात जमायचे. सतरंजी अंथरलेली असायची. तालुक्याचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते मांडी घालून बसायचे आणि वर्गात प्रश्न विचारल्यासारखं एकेकाला उठवायचे, "मुरली, काय आणलंस?" मग मी सांगायचो: अमक्या गावी हातपंप बंद आहे, तमक्या ठिकाणी राशनवाला मापात मारतो, या टोल्यातल्या पोरींना शाळेची बस लागते. आम्ही याला 'सांजचं सांगणं' म्हणायचो. सगळं व्हायचं असं नाही, निम्म्याच्या वर हवेतच जायचं. पण दुसऱ्या दिवशी उमेदवार त्या गावात गेला की पहिलं वाक्य हातपंपाचं काढायचा आणि लोक एकमेकांकडे बघायचे. आपलं म्हणणं कुणीतरी तिकडं पोचवलं, एवढं त्यांना कळायचं.

मग ते हळूहळू बंद पडलं. कुणी ठरवून केलं नाही. ऑफिसात सतरंजी जाऊन सोफा आला, आणि सोफ्यावर तिघंच मावतात. आमच्या जागी पेनड्राइव्ह आला. त्यात मोठ्या शहरातून बनवून आणलेलं गाणं, ढिंगच्याक. गाडी कुठं फिरते ते ऑफिसात बसून मोबाईलवर दिसायला लागलं. मला म्हणाले, मुरलीभाऊ, तुम्ही नुसतं सोबत बसा, वयानं थकलात. मी थकलो नव्हतो, पण भांडलोही नाही. ड्रायव्हर ईश्वर गाणं लावायचा आणि मी शेजारी पाव्हण्यासारखा बसून राहायचो. फार वाईट वाटायचं.

तर ही गोष्ट अशा पेनड्राइव्हच्या दिवसांतल्या एका निवडणुकीची. ऐन उन्हाळा. आमच्या उमेदवार गोंदियाच्या एक वकीलबाई. वडील पक्षाचे जुने पुढारी, बाई कोर्टात तिखट म्हणून नावाजलेल्या. एक दिवस आम्ही गेलो शेवटटोल्याला. नाव बदललंय बरं का, सगळी माणसं हयात आहेत आणि मला तिथं चहा प्यायला जायचं असतं. इटियाडोह धरणाच्या पाण्याचा एक कालवा त्या बाजूला येतो. त्याच्या अगदी टोकाला हा टोला. कालव्याच्या टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. पाणी सुटलं की आधी वरची गावं भिजतात आणि टेलला शेवटी. उन्हाळी धान सगळा या पाण्यावर.

आम्ही गाणं वाजवत शिरलो तर रस्त्यात बाया उभ्या. मधोमध सेवंताबाई. ठेक्यानं जमीन करणारी, नवरा मुका नाही पण हिच्यापुढे त्याला बोलायची पाळी येत नाही. ओळख जुनी.

"मुरलीभाऊ, गाडी बंद कर."

ईश्वरनं बंद केली. तिनं मला ओढत कालव्यावर नेलं. तळाला भेगा पडलेल्या. पलीकडे तिचा धान, पोटरीत आलेला. ज्याला धान कळतो त्याला सांगायला नको: या वेळेला पाणी हटलं तर लोंबी निघते पण आत दाणा नसतो.

"पाच-सहा दिवसांत पानी नाई आलं तं खतम," सेवंताबाई म्हणाली. "साऱ्या हंगामाची मेहनत गेली. म्हशीपुढं टाकाले पोचट धान उरन. आन् तू इथं गानं वाजवून राहिला!"

"मी नाही वाजवत बाई, पेनड्राइव्ह वाजवते."

"मंग तू कायले येऊन राहिला?"

ही बाई कोर्टात पाहिजे होती, वकीलबाई घरी. मी म्हटलं, "तू बोल, मी ऑफिसात सांगतो."

"तू सांगशीन आन् थे आयकतीन? माह्या आवाजातच ने. मोबाईल काढ."

ईश्वरनं मोबाईल पुढे धरला आणि ती बोलली. एकदाही न अडखळता.

रात्र व्हायच्या आत आम्ही ऑफिसात. मोबाईलवर आवाज बारीक येत होता, म्हणून ईश्वरनं वाटेत दुकानात थांबून ते बोलणं पेनड्राइव्हवर घालून घेतलं, ऑफिसातल्या मोठ्या स्पीकरवर लावायला. गुरुजींनी पहिली दोन वाक्यं ऐकली, तिसऱ्याला एक नाव आलं आणि त्यांनी हात वर केला. "बस, बस. बंद कर."

नाव होतं बाबूजींचं. बाबूजी म्हणजे वरच्या गावचे मोठे धानवाले. गावची मतं त्यांच्या शब्दावर, आणि प्रचाराची जेवणं त्यांच्या अंगणात. दुसऱ्या दिवशीचं जेवणही तिथंच ठरलेलं. प्रचाराचं बघायला पुण्याहून आलेले एक साहेब मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "काका, फीडबॅकच्या ग्रुपवर टाका ना." मी म्हटलं, धान पाच दिवसांत वाळणार आहे. ते म्हणाले, "हो, हो, टाका." गुरुजी माझ्याकडे बघेनात. मी घरी आलो, बायकोवर विनाकारण ओरडलो, ती म्हणाली मोहल्ल्याला सांगू नका, मला सांगा. सांगितलं. तिनं ऐकलं तरी.

दुसऱ्या दिवशी नवेगाव बांधचा बाजार. ईश्वरनं ऑटो बाजाराच्या तोंडाशी लावला, पेनड्राइव्ह खुपसला, गाणं चालू केलं आणि गेला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणायला. आमच्याकडे खर्रा घोटायला माणूस गेला की त्याची वाट पाहू नये. मी टपरीवर चहा घेत होतो. गाणं संपलं. परत तेच सुरू होणार म्हणून मी कान बंद करायच्या तयारीत, तर दोन्ही भोंग्यांतून सारा बाजार दणाणला:

"मी शेवटटोल्याची सेवंता बोलून राहिली. वकीलबाई, तुमचं गानं रोज येते, पानी नाई येत. धरनात पानी हाये, कालव्यात पानी हाये, वरच्या गावापर्यंत पानी हाये. मंग आमच्यापर्यंत काऊन नाई? बाबूजीनं कालव्यात रेतीच्या चुंगड्या टाकून पानी अडवलं म्हून नाई. बाबूजी तुमचे, आन् तुमी म्हनता तुमी आमचे. मंग आमी कोनाचे? मत मागाले टेलपर्यंत येता, तं पानी घेऊन या ना बाई! नाई तं थे गानं तरी बंद करा, म्हशी बिचकतात."

कालचं बोलणं ईश्वरनं पुसलंच नव्हतं. गाण्यामागं ते लागलेलं. ऑटोवर वकीलबाईंचा हात जोडून हसणारा मोठा फोटो, आणि आवाज सेवंताबाईंचा. मासे तोलणारी बाई तराजू धरून तशीच राहिली. मी चहा सांडत धावलो आणि मशीनच्या बटनावर हात ठेवला. तेवढ्यात गाणं परत लागलं आणि लोक ओरडले, "ओ मुरलीभाऊ, गानं नको, थे बाईचं लावा! पह्यल्यांदा तुमच्या गाडीतून कामाचं निंघालं."

हात बटनावर होता. खरं सांगतो, भीती वाटत होती, पण आनंद त्याहून जास्त होत होता. किती दिवसांनी त्या भोंग्यातून माणूस बोलला होता! मी बटन दाबलं, गाणं पुढे सरकवलं आणि सेवंताबाई पुन्हा सुरू झाली. लोकांनी मोबाईल वर धरले. ईश्वर खर्रा तोंडात धरून धावत आला, त्याला बोलता येईना आणि थुंकताही येईना.

आम्ही ऑफिसात पोचायच्या आधी सेवंताबाई पोचली होती, साऱ्यांच्या मोबाईलवर. गुरुजी लालबुंद. पुण्याचे साहेब मात्र आनंदात, "काका, कालच का नाही दिलं? जबरदस्त क्लिप आहे!" सोफ्यावर वकीलबाई. मला वाटलं, आता आपला बाजार उठला.

"मुरलीकाका, किसने लावलं हे?"

"मी लावलं. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा मुद्दाम."

त्या हसल्या नाहीत. "सच सच सांगा. खरं आहे का हे?"

सगळे पंख्याकडे बघायला लागले. शेवटी गुरुजीच म्हणाले, "खरं आहे बाई. पण बाबूजी नाराज झाले तर ते गाव गेलं. टेलवर मतं किती? मूठभर."

वकीलबाई उठल्या. "जेवायला त्यांच्याकडेच जायचं आहे ना? चला. आधी कालव्यावर थांबू."

भर दुपारी आम्ही कालव्यावर. चुंगड्यांच्या, म्हणजे रेती भरलेल्या पोत्यांच्या, वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, बाबूजींच्या बांध्यांत वळलेलं. खालच्या अंगाला कोरडं ठणठणीत. बाबूजी छत्री घेऊन लगबगीनं आले.

"अरे बाई, उन्हात कायले आल्या? घरी चला, पानं वाढली."

"बाबूजी, ह्या चुंगड्या काढा."

"हे पाहा, तुमच्या वडिलांपासून हे घर पक्षाचं आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. नाहीतर दुसरीकडे गेले असते, वकील आहे मी."

बाबूजी हसले, म्हणजे तोंड हसलं. "निवडणूक होऊ द्या, मग काढतो."

वकीलबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ पाण्यात उतरल्या. पहिली चुंगडी ओढली ती हललीच नाही. दुसऱ्यांदा ओढली आणि त्या बदकन पाण्यात बसल्या. उमेदवार पाण्यात! मी उतरलो, ईश्वर उतरला. गुरुजी काठावर. मग काय वाटलं कोण जाणे, धोतर वर घेऊन गुरुजीही उतरले, या वयात. आता घरची पाव्हणी चिखलात आणि यजमान छत्रीखाली, हे काही बाबूजींना बघवेना. त्यांनी गड्यांना हाक मारली. "काढा रे बाबा, काढा!"

पाणी खाली धावलं तसा मी लहान पोरासारखा ओरडलो. माझा आवाज शेवटटोल्यापर्यंत गेला असेल. मग आम्ही ओल्या कपड्यांनी बाबूजींच्या अंगणात जेवलो. वाढायला कुणी हात आखडला नाही, फक्त वरणावर तूप पडलं नाही.

सेवंताबाईचा धान वाचला. दाणा भरला, कापला, मळला. वकीलबाई मात्र निवडणुकीत पडल्या. बाबूजींनी आपलं गाव फिरवलं, उघडपणे काही न बोलता. गुरुजी अजून मला म्हणतात, "चुंगड्या काढल्या आणि गाव गेलं." मी म्हणतो, गुरुजी, पाण्यात तुम्हीही होता. यावर ते चष्मा पुसतात.

कुडव्यात लोक मला विचारतात, काका, तुमचा पक्ष अजून गरिबांचा आहे का हो? मी म्हणतो, त्या दुपारी कालव्यावर होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. रोज असतो का ते मला विचारू नका. मी रोज बघत नाही.

इथं लेख संपवणार होतो. पण परवा काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आता पंचायत समितीची हवा आहे आणि आमच्या बाजूची जागा बाईसाठी आहे. सवयीनं मी ऑफिसात गेलो होतो. गुरुजी कुणाशी तरी फोनवर बोलत होते की बाबूजींच्या सुनेला तिकीट दिलं तर घर परत जोडलं जाईल. तेवढ्यात दारात सेवंताबाई. सोबत टोल्यातल्या दोघी. आत आली, सोफ्यावर ऐसपैस बसली.

"गुरुजी, मले तिकीट पायजे."

गुरुजींनी फोन खाली ठेवला. "कशाचं तिकीट, बाई?"

"बसचं तं नाई मांगून राहिली. पंचायत समितीचं."

गुरुजींनी समजावलं. चांगलं समजावलं, शिक्षकच ते. पक्षाची शिस्त असते, वर विचारावं लागतं, काही घरं सांभाळावी लागतात, पुढच्या वेळी नक्की बघू. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"मुरलीभाऊ, हे नाई देत तं मी अपक्ष उभी राहीन. तू बसशीन का माह्या ऑटोत?"

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत सगळं होतं: सतरंजी, उन्हाळे, आम्ही दोघांनी प्रचारात सोबत खाल्लेला मार. दुसऱ्या कुणासाठी मी एक शब्द कधी बोललो नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"बसीन," मी म्हणालो.

"मुरली!" गुरुजी ओरडले. "उभा जन्म पक्षात काढलास."

"गुरुजी, उभा जन्म मी भोंग्यात सांगत फिरलो की हा पक्ष टेलवरच्या माणसाचा आहे. आज टेलवरची बाई स्वतः चालून आली. आता तिला मी काय सांगू, पत्ता चुकला?"

गुरुजींनी फोन उचलला, वर शब्द टाकायला वकीलबाईंचा नंबर लावला, आणि तो लागेपर्यंत ऑफिसातल्या माणसाला म्हणाले, "अरे, बाईंना चहा सांग."

"चाय पेऊनच आली मी," सेवंताबाई म्हणाली. "तिकिटाचं बोला."